खुंटांवरची वाट

जानेवारीत तीन आठवडे जमीन लोखंडासारखी कडक झाली होती. गाडीवाटेवरचा चिखल गोठून असा टणक झाला होता की बूट घसरायचे. त्या तीन आठवड्यांत रानात गाडी घालून निम्मा माल बाहेर काढता आला असता. आम्ही एक फोकसुद्धा काढला नाही. का, तर आमचे सासरे ईनॉस पॉथिकरी, वय चौऱ्याहत्तर, यांचं म्हणणं असं की थंडीत झाडाचा रस झोपलेला असतो, तेव्हा फक्त कोयता चालवायचा. ओढाओढ काय, मार्चमध्ये कुणीही करतं. मार्चचा वारा सुटला की चार दिवसांत वाट कोरडी होते.

"आजवर झालीय," ते म्हणायचे, आणि विषय संपायचा.

आमच्या घरात विषय असेच संपायचे. मी लग्न होऊन आले त्याला बारा वर्षं झाली होती, आणि बारा वर्षांत या माणसाचा हवेचा अंदाज एकदाही चुकलेला मी पाहिला नव्हता. म्हणून तर जास्त राग येतो. नेहमी चुकणारा असता तर त्याचं ऐकलं कुणी असतं?

फेब्रुवारीच्या दोन तारखेला पाऊस लागला तो लागलाच. धो धो नाही. बारीक, थंड, दिवसभर मानेवरून आत उतरत राहणारा. ओढा फुगला. गाडीवाटेत गुडघाभर पाणी साचलं. घरात पाव ओलसर, गादी ओलसर, काडेपेटीसुद्धा ओलसर. म्हातारा रोज सकाळी दारात उभा राहून पश्चिमेकडं बघायचा आणि म्हणायचा, अजून मार्च यायचाय. मग मार्च आला आणि तोही भिजतच आला.

आमचं रान काही मोठं नाही. टॅपर्स कॉप्स त्याचं नाव. सात एकर, ओढ्यापलीकडे दोन टेकड्यांच्या बेचक्यात. भोवती जुना मातीचा बांध आणि एकच फाटक. आत थोडे ओक उभे, बाकी सगळे हेझलचे खुंट. हेझल दर सात-आठ वर्षांनी पार जमिनीलगत कापायचं, मग त्याच खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात, सरळ आणि लवचिक. त्या फोकांच्या ताट्या विणायच्या. मेंढ्या व्यायला लागल्या की धनगर त्या ताट्यांचे आडोसे करतो. जाड फोक चिरून छपराच्या मेखा करायच्या. हिवाळाभर कापायचं, रानातच बसून विणायचं, वसंतात विकायचं आणि त्यावर उन्हाळा काढायचा. बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, आजोबा ज्या खुंटांवर कोयता चालवायचे त्याच खुंटांवर बाबा चालवत होते. काही खुंट आमच्या जेवायच्या टेबलाएवढे रुंद झाले होते, शेवाळलेले, वरून मेल्यासारखे दिसणारे. पण एप्रिल लागला की त्यांच्या कडेनं नखाएवढे लाल कोंब यायचेच.

रान इस्टेटीचं, कापणी आमची. नियम असा की लेडी डेला, म्हणजे मार्चच्या पंचवीस तारखेला, सूर्य बुडायच्या आत कापलेला सगळा माल बांधाबाहेर गेला पाहिजे. आत राहील तो इस्टेटीचा. नियमात खोट नाही. कोंब फुटायच्या वेळी रानात माणसाचा पाय नको, एवढाच त्याचा अर्थ. आणि चाक तर गाडीवाट सोडून कधीच नाही, कुठल्याच महिन्यात नाही. कापलेल्या भागात गाडी घालणं म्हणजे आमच्याकडे चर्चमध्ये गाडी घालण्यासारखं.

म्हातारे मालक होते तोवर चार-आठ दिवस इकडेतिकडे चालायचं. लेडी डेला ते मुद्दाम मासे धरायला निघून जायचे, आपल्याला काही दिसायला नको म्हणून. ते गेल्या साली वारले. आता मालक म्हणजे त्यांचा लंडनचा पुतण्या, आणि कारभार बघायला लँगफर्डसाहेब. साहेबांचं टाइप केलेलं पत्र नाताळातच आलं होतं: सूर्यास्त म्हणजे सूर्यास्त. बाबांनी ते पत्र चुलीवरच्या फळीत खोचलं आणि म्हणाले, माणूस नवीन आहे, शिकेल.

मार्चच्या अकरा तारखेला माझ्या नवऱ्यानं, अँब्रोजनं, शेवटी जिवावर उदार होऊन गाडी वाटेत घातली. आमची घोडी डचेस, सतरा वर्षांची, मनानं खंबीर. दुसऱ्या वळणाला गाडी आसापर्यंत रुतली. अँब्रोज चाकाला खांदा देत होता, मी दुसऱ्या चाकाला, आणि बाबा पुढून घोडीला ओढत होते. तिनं एक जोर लावला, दुसरा लावला, आणि तिसऱ्याला तिच्या खांद्यातून ओली काठी पिळावी तसा आवाज आला. ती पडली नाही. नुसती थरथरत उभी राहिली, पुढचा पाय अधांतरी धरून. नालबंद येऊन बघून गेला. सहा आठवडे हिला जुंपायचं नाव काढू नका म्हणाला. दुष्काळात तेरावा महिना तो हा.

त्या रात्रीचं जेवण. उकडलेले बटाटे आणि चरबी लावलेला पाव. त्या साली मांसाचं रेशन असं होतं की तिघांचं मिळून एका मांजराला पुरलं नसतं. मी ताटल्या उचलल्या आणि म्हणाले, खांद्यावरनं काढायचं मग. दुसरा मार्ग आहे का? अँब्रोजनं मान हलवली. बाबांनी पाइप झटकला. त्यांनी एक शब्द बोलावा, नुसतं एवढंच म्हणावं की पोरांनो, जानेवारीत माझं चुकलं, याची मी वाट बघत होते. तो शब्द काही आला नाही.

चौदा दिवस होते. आत एकशे ऐंशी ताट्या, फोकांचे भारे, मेखांच्या जुड्या. रानाच्या लांबच्या कोपऱ्यापासून फाटकापर्यंत चारशे पावलं, फाटकाबाहेर लगेच फुगलेला ओढा, माल ठेवायला जागा नाही, म्हणून मग ओढ्यावरची फळी, मग चढ, मग रस्ता. प्रत्येक ताटीच्या मधोमध हात जाईल एवढी फट ठेवलेली असते. त्यातून काठी घालून सुकलेल्या चार-चार ताट्या धनगर पाठीवर नेतो. आमच्या ताट्या पाणी पिऊन शिशासारख्या झालेल्या. अँब्रोज दोन नेई, मी एक. बाबा एक उचलत आणि निम्म्या वाटेत थांबत, पाऊस बघायला थांबल्यासारखं दाखवत. त्यांचं उजवं कमरेचं हाड गेलेलं होतं, सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचं नाव काढायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी माझ्या खांद्याची साल गेली. मी अँब्रोजची लष्करातली जुनी विजार घालून, खांद्यावर फ्लॅनेलची घडी ठेवून चालत होते. संध्याकाळी सदरा काढताना कापड कातडीला चिकटलेलं असायचं. कोमट पाण्यानं भिजवून ते सोडवायचं काम अँब्रोज करायचा, आणि त्याचं मी. नवरा-बायकोनं चुलीपुढं बसून एकमेकांच्या खांद्याची चिंधी सोडवायची, काय संसार. हातपायांची बोटं सुजून लाल झाली होती, ऊब लागली की खाजायची आणि थंडी लागली की ठणकायची. फळीवर दोनदा पाय घसरला. दुसऱ्या वेळी ताटी ओढ्यात गेली आणि मी मागोमाग छातीभर पाण्यात उतरून तिला धरलं. का धरलं ते मलाच ठाऊक नाही. एका ताटीनं काय बिघडणार होतं? पण हातातून जाऊ द्यायची नाही एवढंच डोक्यात बसलं होतं.

पलीकडचा शेतकरी हिलियर रोज ट्रॅक्टरवरून रस्त्यानं जायचा. करडा छोटा ट्रॅक्टर, लढाई संपल्यावर घेतलेला, आणि त्यावर बसलेला तो एखाद्या सरदारासारखा. एकदा थांबला आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडून अँब्रोजला म्हणाला, "काय रे पॉथिकरी, घोडी लंगडली म्हणून बायको जुंपलीस का?"

अँब्रोज ताट्या सावरत पुढं चालत राहिला. मी बोलले. म्हटलं, तुझ्या घरी जुंपायला तरी कोण राहिलीय, आधी ते सांग. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी बहिणीकडं म्हणून गेली ती परत आली नव्हती. हिलियरचा चेहरा पडला आणि तो गेला. मला त्या दिवशी बरं वाटलं, नंतर नाही.

दिवस जात होते आणि ढीग हलत नव्हता. असं वाटायचं की आपण दिवसा नेतो आणि कुणीतरी परत आणून ठेवतं. एकोणीस तारखेला अँब्रोज जेवता जेवता म्हणाला की हे हातातून गेलं तर तो सिमेंटच्या कारखान्यात जाईल, तिथं माणसं घेतायत. ते तो मला सांगत होता, पण बघत होता बापाकडं. बाबांनी पाव चहात बुडवला. म्हणाले, सिमेंटनं माणसाची छाती दगड होते. अँब्रोज म्हणाला, इथं काय लोण्याची झालीय का? मग उठून बाहेर गेला आणि घोडीजवळ बराच वेळ उभा राहिला.

मी त्या रात्री बाबांना बोलले. सगळं बोलले. जानेवारीपासून पोटात ठेवलेलं. तुमच्या एका हट्टापायी तीन माणसांचा हिवाळा चिखलात गेला, घोडी गेली, आता पोरगंही जाईल. ते ऐकत बसले. शेवटी एवढंच म्हणाले, "तीन आठवडे बर्फाचे होते पोरी. असा रस झोपलेला मी वीस वर्षांत बघितला नव्हता. एकेक घाव असा स्वच्छ बसत होता. सोडवेना."

मी भांडी घासायला घेतली.

चोवीस तारखेला सकाळी रानात पाहुणे आले. मी लांबच्या कोपऱ्यात ताटी पाठीवर चढवत होते, तेवढ्यात बोलण्याचे आवाज ऐकू आले. लँगफर्डसाहेब, लंडनचा पुतण्या, त्याची तरुण बायको, आणि मागं जमीन मोजायची साखळी आणि खुंट्या घेतलेली दोन माणसं. बाई गुडघाभर रबरी बूट घालून आली होती, कोरे करकरीत. प्रिमरोझ नुकती उमलायला लागली होती, बांधाच्या कडेनं फिकट पिवळी. ती खाली बसून फुलं खुडत होती आणि नवऱ्याला सांगत होती की इतकी गोड जागा तिनं आयुष्यात पाहिली नाही. मग मी दिसले. डोक्यावर पोत्याची खोळ, अंगावर पुरुषाची विजार, तोंडावर चिखल. ती दचकली, मग हसून म्हणाली, "तुम्ही इथंच राहता का, रानात?"

मी म्हटलं, नाही बाईसाहेब, आम्हाला घर आहे. ती बिचारी लाजली. तिनं हातातली थोडी फुलं मला देऊ केली. माझे दोन्ही हात ताटीत अडकलेले, मी घेऊ कशानं? ती तशीच हात पुढं करून उभी राहिली आणि मग तिनं तो मागं घेतला.

माझ्या मनात आलं, हीच वेळ आहे. ताटी खाली ठेवली, खोळ काढली आणि लँगफर्डसाहेबांपुढं जाऊन उभी राहिले. बारा वर्षांत मी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. म्हटलं, साहेब, आठ दिवस द्या. घोडी लंगडलीय, वाट बुडालीय, आम्ही पाठीवरनं काढतोय, तुम्ही बघताय. आठ दिवसांत एक काडी राहणार नाही. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

साहेब वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणते. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नियम तुमच्याच लोकांचा आहे ना, बाई? मी एकाला सोडलं तर उद्या चौघं येतील. आणि खुंट्या मारणारे लोक परवापासून इथं काम करणार आहेत, त्यांना जागा मोकळी हवी."

मी विचारलं, कसल्या खुंट्या?

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग पुतण्याकडं बघितलं. पुतण्या ओकच्या फांद्यांकडं बघायला लागला.

"तुम्हाला पत्र गेलं नाही का अजून?" साहेब म्हणाला. "जाईल या आठवड्यात. ऑक्टोबरमध्ये यंत्र येतंय. हे सगळं उपटायचं, मुळासकट. फरची झाडं लावायचीत. खाणींना लाकूड लागतं. हेझलला आता कोण विचारतंय? तारेचं कुंपण स्वस्त पडतं."

एवढं साधं सांगितलं त्यानं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. मग टोपीला हात लावून पुढं गेला. साखळीवाल्या माणसांपैकी एकानं माझ्या पायाजवळ एक खुंटी ठोकली, वर लाल रंग लावलेली. गेल्या डिसेंबरात बाबांनी कापलेल्या एका खुंटाच्या अगदी मधोमध. लाकूड ओलं होतं, ती पटकन आत गेली.

मी ताटी पुन्हा पाठीवर घेतली. चारशे पावलं, फळी, चढ, रस्ता. डोळ्यांत पाणी आलं नाही. मी फक्त हिशेब करत होते की हे कुणाला सांगायचं. अँब्रोजला सांगावं, तर तो ताट्या तिथंच टाकून थेट कारखान्यात जाईल. बाबांना सांगावं, तर? त्यांच्या पायात जे काही बळ उरलं होतं ते सगळं त्या खुंटांच्या जोरावर होतं. आणि माझ्या अजून शंभराच्या वर ताट्या आत होत्या. खरं सांगते, दयेनं गप्प बसले नाही मी. मला माणसं हवी होती ओझं वाहायला.

फळीजवळ बाबा भेटले, रिकाम्या हातानं परत येत होते. पाहुणे गेलेले त्यांनी लांबून बघितले होते. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. कापणी बघून साहेब काय म्हणाले?

मी म्हटलं, "चांगली म्हणाले."

"चांगली म्हणाले?"

"असं जमिनीलगत कापलेलं कुठं बघितलं नाही म्हणाले."

म्हातारा उभ्या जागी उजळला. टोपी काढून डोकं पुसलं. म्हणाला, म्हटलं नव्हतं, नवीन आहे पण शिकेल? आणि त्या दिवशी त्यानं न थांबता सात ताट्या नेल्या. मी मोजल्या. प्रत्येक ताटीला मी मनात स्वतःला शिव्या दिल्या आणि प्रत्येक ताटी बांधाबाहेर गेल्याचं बरंही वाटलं. माणसाचं मन असलं घाणेरडं असतं.

पंचवीस तारीख उजाडली ती स्वच्छ. पाऊस थांबला होता आणि पूर्वेकडून कोरडा, करकरीत वारा सुटला होता. दारातली कपड्यांची दोरी तडातडा वाजत होती. म्हातारा बाहेर आला, तोंड वाऱ्याकडं केलं आणि म्हणाला, "बघ. आला की नाही?"

त्या क्षणी माझ्या हातात कोयता नव्हता हे बरं झालं.

दुपारी तीनपर्यंत आम्ही बेभान चाललो. चालणं ते नव्हतंच, पडत-उठत जाणं होतं. माझा डावा हात खांद्यापासून मेला होता, ताटी धरलीय की नाही ते बघून समजायचं. थांबून मोजलं तर आत अजून साठ ताट्या आणि मेखांच्या सगळ्याच्या सगळ्या जुड्या. मेखा म्हणजे आमचा खरा पैसा, आणि त्या सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात रचलेल्या. सूर्य टेकडीच्या वर हातभर. मी अँब्रोजला शोधलं तर तो कुठं दिसेना. मला वाटलं, गेला. सोडून गेला.

मग ट्रॅक्टरचा आवाज आला.

हिलियर ट्रॅक्टरवर, मागं सपाट गाडा, आणि त्यावर उभा अँब्रोज. चढावरून उतरून, ओढ्याच्या उथळ जागेतून पाणी उडवत ते फाटकाशी आले. अँब्रोज खाली उतरला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला की चाळीस ताट्या हिलियरला द्यायच्या ठरल्यात, त्याच्या निवडीच्या. बाकी सगळं तासाभरात बाहेर येतं. गाडीवाट तर तलाव झालेली. म्हणजे जायचं ते सरळ कापलेल्या भागातून, खुंटांमधून. दुसरा रस्ताच नव्हता.

हिलियरनं फाटकातून ट्रॅक्टर आत घेतला आणि थांबवला. कारण पुढं बाबा बसले होते.

ते धावत आले नव्हते, ओरडले नव्हते. नुसते येऊन त्या मोठ्या खुंटांपैकी एकावर, फाटकासमोर, चाकाच्या वाटेत बसले होते. हात गुडघ्यांवर. वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस उभे राहत होते. अँब्रोज त्यांना समजवायला गेला. ते म्हणाले, माल गेला तर एक साल जाईल. खुंट गेले तर सगळं गेलं. अँब्रोज म्हणाला, बाबा, उन्हाळाभर खायचं काय? ते म्हणाले, आम्ही एका साली सलगमावर काढला होता. अँब्रोजनं त्यांच्या दंडाला धरलं आणि लगेच सोडलं. चाळीस वर्षांचा माणूस, पण बापाला उचलून बाजूला ठेवायचं त्याच्यानं होईना. हिलियरनं इंजिन बंद केलं. तो म्हणाला, मला धारा काढायच्यात, लवकर काय ते ठरवा. सूर्य टेकडीच्या वर जेमतेम वीतभर उरला होता.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. का ते माहीत नाही. बहुतेक मी नेहमी बोलते म्हणून.

मी जाऊन बाबांसमोर चिखलात बसले, उभं राहवत नव्हतं म्हणून. आणि सांगितलं. ऑक्टोबरमध्ये यंत्र येतंय. हे सगळे उपटणार, मुळासकट. फर लावणार. त्या लाल खुंट्या त्यासाठीच आहेत. काल साहेबानं स्वतः सांगितलं मला.

अँब्रोजच्या तोंडून काहीतरी आवाज आला. बाबा माझ्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे वाऱ्यानं आधीच पाणावलेले होते, त्यामुळे त्यातून काही समजलं नाही.

"काल?"

"हो."

"सकाळी?"

"हो."

"मग कापणीचं काय म्हणाला तो?"

मला अजून एकदा खोटं बोलता आलं असतं. जीभ उचललीसुद्धा. पण मी थकले होते. म्हटलं, "काही नाही बोलला बाबा. त्यानं बघितलीच नाही."

ते बसून राहिले. हिलियरनं एक सिगारेट पेटवून अर्धी ओढली. त्यांच्या हाताची बोटं खुंटाच्या कडेवरून फिरत होती, जिथं कोंब यायचे तिथं. मग त्यांनी उठायचा प्रयत्न केला. कंबर धरली. मी हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. खुंटावर तळवा टेकून, हळूहळू, एकटेच उठले.

मला वाटलं, आता घरी जातील. ते ट्रॅक्टरकडं गेले आणि हिलियरला म्हणाले, "तू जो रोख धरलायस तिकडनं नको नेऊ. तिथं खाली नुसती चिकणमाती आहे, दहा पावलांत बसशील. खुंटांच्या मधनं नको. खुंटांवरनं ने."

हिलियर म्हणाला, खुंटांवरनं?

"मुळं आहेत खाली. दोनशे वर्षांची. धरतील."

आणि ते पुढं चालायला लागले. ट्रॅक्टरकडं तोंड करून, मागं मागं पावलं टाकत, हातानं खूण करत. इथून. आता डावीकडं. आता या मोठ्यावर. त्यांना एकेक खुंट ठाऊक होता. कुठल्याचा पसारा केवढा, कुठल्याची मुळं कुणाच्या मुळांत गेलीत. ते निवडून निवडून सगळ्यांत जुने, सगळ्यांत रुंद तेच दाखवत होते. बाकीच्यांनी वजन पेललं नसतं. इतकं लगत कापलेलं होतं की चाक कुठंही अडकलं नाही, नुसतं चढायचं आणि उतरायचं. उतरताना खालून साल फाटल्याचा आवाज यायचा, ओल्या लाकडाचा. प्रत्येक आवाजाला बाबांचा हात एकदा थांबायचा आणि मग पुढच्या खुंटाकडं वळायचा.

अँब्रोज गाड्यामागून चालत होता आणि रडत होता, अगदी उघड, तोंडसुद्धा न झाकता. मी कोपऱ्यात पोचून मेखांच्या जुड्या गाड्यावर फेकायला लागले. दोन खेपा झाल्या. दोन्ही खेपांना बाबा तसेच पुढं होते, जाताना आणि येताना, त्याच खुंटांवरून.

दुसरी खेप बांधाबाहेर पडली तेव्हा टेकडीवर अजून बोटभर उजेड होता. आत एक काडी राहिली नव्हती. हिलियरनं आपल्या चाळीस ताट्या निवडायला घेतल्या, मग काय मनात आलं, वीसच घेतल्या आणि गेला. अँब्रोजनं फाटक लावलं. बाबा रस्त्याच्या कडेला मालाच्या ढिगावर बसले होते, बूट काढून, आतलं पाणी ओतत.

हिलियर अजूनही दारूच्या गुत्त्यात ती गोष्ट सांगतो. एवढ्या चिखलात, म्हणतो, भरलेला गाडा दोनदा आणला, पण म्हाताऱ्यानं अशी वाट दाखवली की एकदाही चाक रुतलं नाही.